डबीवरचा आंकडा आणि डबींतलें नाणें

पोतदार आणि सराफ हीं आडनांवें आमच्या वाचकांच्या घरांत नवीं नाहींत. त्या आडनांवांत एक जुना धंदा गोठून राहिला आहे. मराठी राज्यांत सरकारी खजिन्याचा भरणा येई, तेव्हां नाणीं पारखून व तोलून घेण्याचें काम पोतदाराचें असे. एकाच पेठेंत अनेक टांकसाळींचे रुपये चालत. त्यांतला कोणता पुरा, कोणता हिणकस, आणि हिणकसावर बट्टा किती, हें तो नजरेनें, वजनानें आणि नाण्याच्या आवाजानें ठरवी. कोणाच्या नांवाला बट्टा लागला असें आपण आजहि म्हणतों, तो बट्टा याच व्यवहारांतला.

पोतदार कधीं चुकत नसे असें नाहीं. परंतु देणारा, घेणारा आणि पारखणारा हे तिघे समोरासमोर बसलेले असत, आणि नाणें उघडें असे. आज जुन्या नाण्यांच्या बाजारांतला मोठा पोतदार अमेरिकेंत बसतो. तो नाणें पाहतो, त्याची प्रत एका आंकड्यानें ठरवितो, आणि नाणें, आंकडा व अनुक्रमांक हीं तिन्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबींत बंद करून धाडून देतो. हौशी मंडळी या डबीला स्लॅब म्हणतात. तिच्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकांतून आला नाहीं. एका स्नेह्याच्या घरांतून आला, म्हणून तो येथें मांडतों.

हे स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतों. नाण्यांचा नाद त्यांना तरुणपणापासून. शिवराई, ढब्बू पैसे, संस्थानी रुपये असें कांहींबाही जुन्या बाजारांत हिंडून ते जमवीत, आणि रविवारीं दुपारीं भिंग व लहानसा तराजू घेऊन त्या नाण्यांशीं बोलत बसत. निवृत्तीनंतर हातीं थोडा पैसा आला तेव्हां त्यांनीं इंटरनेटवरून एका विक्रेत्याकडून अमेरिकन चांदीचे सहा डॉलर घेतले. सर्व डबींत बंद, सर्वांवर आंकडे. "ही माझी मुदत ठेवच समजा," असें ते म्हणत. गेल्या वर्षीं वहिनींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, आणि ती ठेव मोडण्याची वेळ आली. विकण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें म्हणून दोघेंहि सहा डब्या घेऊन आमच्याकडे आलीं.

आतां या डब्यांची पद्धति कशी जन्मास आली तें प्रथम सांगितलें पाहिजे. पूर्वीं नाण्याची प्रत 'चांगली', 'उत्तम', 'अतिउत्तम' अशा शब्दांनीं सांगत. आणि विकणाऱ्याचें उत्तम तें घेणाऱ्याचें चांगलें, हा नेहमींचाच वाद असे. १९४९ सालीं विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकानें तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यांत १ पासून ७० पर्यंत आंकड्यांची श्रेणी सुचविली. त्यामागची कल्पना साधी होती. १७९४ सालचें अगदीं झिजलेलें सेंट एक डॉलरला मिळत असेल, तर त्याच जातीचें निर्दोष नाणें सत्तर डॉलरला जावें. म्हणजे हा आंकडा मुळांत बाजारभावाचें प्रमाण होता. पुढें बाजारभाव बदलले, तें प्रमाण मोडलें, पण आंकडे मात्र राहिले. आणि आज सर्व देशांच्या, सर्व धातूंच्या नाण्यांना तेच लावतात. ६० पासून ७० पर्यंतच्या प्रती न वापरलेल्या, कोऱ्या नाण्यांच्या, त्यांच्यामागें एम्. एस्. अशीं अक्षरें असतात.

अमेरिकेंतील नाणेसंग्राहकांच्या संघटनेनें १९७२ सालीं नाण्याचा खरेखोटेपणा तपासणारी ए. एन्. ए. सी. एस्. ही संस्था काढली. १९८६ पासून पी. सी. जी. एस्. या कंपनीनें आणि १९८७ पासून एन्. जी. सी. या कंपनीनें नाणें तपासून, प्रत ठरवून, तें डबींत बंद करून देण्याचा व्यवसाय चालविला. या कंपन्या स्वतः तें नाणें विकत नाहींत. एकाहून अधिक परीक्षक तें स्वतंत्रपणें पाहतात. आणि आपलें मत चुकलें तर ठराविक अटींवर भरपाईची हमी देतात. दूरच्या अनोळखी माणसाकडून नाणें घेणाराला ही सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. आम्ही डबीचे वैरी नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं डबी पाहतांना तीन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात, आणि बहुतेक लोक त्यांतला एकहि विचारीत नाहींत.

पहिला प्रश्न असा, कीं हें मत कोणाचें? डबी करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. प्लॅस्टिकची डबी, छापील पट्टी आणि भारदस्त इंग्रजी नांव एवढें भांडवल असलें कीं कोणीहि प्रमाणपत्रें वांटूं शकतो. कित्येकदां तर विकणाराच आपल्या मालाला आपणच आंकडे देतो. अशा डबीवरचा ७० हा आंकडा म्हणजे आईनें आपल्या मुलाला दिलेलें वर्तणुकीचें प्रशस्तिपत्र होय. नामांकित कंपनीची डबी असली तरी पट्टीवरचे सर्व शब्द वाचावे. 'डिटेल्स' हा शब्द तेथें असला, तर नाणें खरें पण त्यांत कांहीं दोष आहे, बहुधा तें कोणीं घासून चकचकीत केलें आहे, आणि म्हणून त्याला आंकडा नाकारला आहे, असा अर्थ समजावा. जाहिरातीच्या चित्रांत नेमका हाच शब्द अंगठ्याखालीं जातो. आणि हल्लीं टांकसाळीहून थेट आलेल्या नव्या चांदीच्या नाण्यांपैकीं पुष्कळांना ६९ किंवा ७० मिळतो. तेव्हां तेथें ७० पाहून हुरळून जाण्याचें कारण नाहीं.

मास्तरांच्या सहांपैकीं एक डबी अशीच कोणा अनोळखी नांवाची निघाली, आणि एकीवर 'डिटेल्स' हा शब्द होता. तो शब्द त्यांनीं पांच वर्षांत वाचला नव्हता.

दुसरा प्रश्न: ही डबी खरी कशावरून, आणि हें नाणें त्याच डबींतलें कशावरून? २००८ च्या सुमारास चिनी बनावटीच्या खोट्या डब्या बाजारांत आल्याचें या कंपन्यांनींच जाहीर केलें. तेव्हांपासून पट्टी, तिच्यावरचें चकाकणारें चिन्ह, अनुक्रमांक, या सर्वांची नक्कल होत आली आहे. खरी डबी उघडून आंत दुसरें नाणें घालण्याचेहि प्रकार होतात; म्हणून डबीच्या सांध्यावर पांढुरके चरे, तडा किंवा डिंकाचा माग दिसतो काय, हें उजेडांत फिरवून पाहावें. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घातला कीं त्या नाण्याची नोंद मिळते. अलीकडच्या कांहीं डब्यांत सूक्ष्म चिपहि असते, आणि ती मोबाइल फोननें तपासतां येते. परंतु नुसता क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊं नये. नक्कल करणारा मूर्ख नसतो. तो खऱ्या नाण्याचा खरा क्रमांकच उचलतो. नोंदींत छायाचित्र असेल तर नाणें त्याच्याशीं ताडून पाहणें, हीच खरी कसोटी.

मास्तरांजवळ कार्सन सिटीच्या टांकसाळीचा एक मॉर्गन डॉलर होता. १८७८ पासून १९०४ पर्यंत व पुन्हा १९२१ सालीं चलनासाठीं पाडलेलें हें नाणें, वजन २६.७३ ग्रॅम, त्यांत नव्वद टक्के चांदी. एका अंगास स्वातंत्र्यदेवीचें मुख, दुसऱ्यास गरुड. कार्सन सिटीच्या डॉलरांना संग्राहकांत मान अधिक, म्हणून किंमतहि अधिक. सहांत सर्वांत महाग तोच. आम्ही क्रमांक घातला, नोंद निघाली. साल तेंच, टांकसाळ तीच, प्रत तीच. मास्तरांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही चित्र मोठें करून डबी शेजारीं धरली, आणि दोघेहि भिंगांतून पाहूं लागलों. आम्हांस कांहीं दिसेना. तेव्हां वहिनी जवळ आल्या. रोज तांदूळ निवडणारी ती नजर. त्यांनीं भिंगहि घेतलें नाहीं. क्षणभर इकडे पाहिलें, क्षणभर तिकडे, आणि म्हणाल्या, "भाऊजी, चित्रांतल्या बाईच्या गालावर ओरखडा आहे. आपल्या बाईचा गाल स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे तें चांगलेंच कीं!" मास्तर म्हणाले.

"अहो, पण मग ती ही नव्हे," वहिनी म्हणाल्या.

खोलींत कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. नाण्यावरचा ओरखडा कालांतरानें वाढेल. पण असलेला ओरखडा डबींत बसून भरून येत नाहीं. मग आम्ही पट्टीवरचीं अक्षरें पाहिलीं. तीं खऱ्यापेक्षां किंचित् जाड होतीं. गरुडाच्या छातीवरचीं पिसें मेणावर उठविल्यासारखीं बोथट होतीं. एकदां संशय आल्यावर सारें दिसूं लागलें. तो येईपर्यंत दोघांनाहि कांहीं दिसलें नव्हतें. अशा डबीला कंपनीची हमी लागू नाहीं हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कारण ज्या कंपनीचें नांव तिच्यावर आहे, त्या कंपनीनें ती केलेलीच नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. डबी खरी, नाणें तेंच, परीक्षक नामांकित. तरी त्यांचें मत कितपत पक्कें समजावें? वजन तराजूनें ठरतें, चांदी रसायनानें ठरते. प्रत मात्र माणसाच्या डोळ्यानें ठरते. तेंच नाणें दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या परीक्षकापुढें गेलें, तर ६४ चें ६५ होऊं शकतें. ही गोष्ट व्यापाऱ्यांस पक्की ठाऊक आहे. म्हणून ते डबी फोडून नाणें पुन्हा पुन्हा तपासणीस धाडतात, आणि वरचा आंकडा मिळाला कीं थांबतात. एका अंकाच्या फरकानें कांहीं नाण्यांची किंमत दुप्पट-तिप्पट होते, मग हा खटाटोप कोण सोडील? अमुक प्रतीचीं इतकींच नाणीं आहेत अशी जी गणती या कंपन्या छापतात, तींतहि एकच नाणें असें अनेकदां मोजलें जाण्याचा संभव राहतो. १९९० सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें पी. सी. जी. एस्.च्या जाहिरातींतले दावे फुगविलेले आहेत अशी हरकत घेतली होती. कंपनीनें दोष मान्य न करतां तडजोड केली.

प्रत राहो, खरेखोटेपणाच्या निवाड्यांतहि तज्ज्ञांस नमतें घ्यावें लागलें आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची खूण म्हणजे ओ हें इंग्रजी अक्षर. १८९६, १९०० व १९०२ या सालांच्या कांहीं मॉर्गन डॉलरांवर हें अक्षर नेहमींपेक्षां बारीक आहे. जाणते संग्राहक त्यांना टांकसाळींतलाच एक विशेष प्रकार समजत, आणि पी. सी. जी. एस्.नेंहि तीं नाणीं खरीं म्हणून डबींत घातलीं. पुढें बारकाईनें पाहतां असें आढळलें, कीं निरनिराळ्या सालांच्या या नाण्यांची मागली बाजू एकाच ठशानें पाडलेली आहे. टांकसाळींतल्या ठशाची अशी इतक्या वर्षांची सलग चाकरी संभवत नाहीं. २००५ सालीं कंपनीनें जाहीर केलें, कीं हे तिन्ही सालांचे डॉलर जुन्या काळच्या बनावट कारखान्यांतले आहेत. चूक कबूल केली हें तिच्या लौकिकास शोभण्यासारखेंच झालें. परंतु त्या दिवसापर्यंत डबी एक सांगत होती आणि डबींतलें नाणें दुसरें सांगत होतें.

आणखी एक गोष्ट सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, पण ती खरी आहे. ज्या शेल्डनच्या आंकड्यांवर ही सारी इमारत उभी आहे, त्याचें १९७७ सालीं निधन झालें. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतलीं उत्तम सेंट नाणीं त्यानें काढून घेतलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं त्याच जातीचीं हलकीं नाणीं ठेवलीं होतीं, असें पुढें निष्पन्न झालें. संस्था मोठी, तज्ज्ञ थोर, पेटी कुलुपाची. आणि आंतलें नाणें मात्र बदललेलें!

आपल्याकडच्या नाण्यांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा मुंबईचा रुपया दुर्मिळ आहे, म्हणून दुसऱ्या सालावरचा अंक कोरून केलेले खोटे रुपये त्या नांवानें फिरतात. सालाचा शेवटचा अंक इतर अंकांच्या उंचीचा व वळणाचा आहे काय, हें भिंगाखालीं पाहावें, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, भरतें काय, हें तोलून घ्यावें. परंतु डबींत बंद झालेल्या नाण्याचें वजन घेतां येत नाहीं व त्याचा आवाजहि ऐकतां येत नाहीं, हें लक्षांत असूं द्यावें. पोतदाराच्या तीन साधनांपैकीं दोन तेथें खुंटतात, आणि नजर एवढीच उरते. पट्टीवर 'रीस्ट्राइक' असा शब्द असेल, तर टांकसाळीनें जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठीं मागाहून पाडलेलें तें नाणें आहे असें समजावें; मूळ नाण्याची किंमत त्याला देऊं नये. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या पुराणवस्तुविषयक कायद्याखालीं येतें, व तें खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणून आजोबांची शिवराई डबींत घालून आणण्यासाठीं अमेरिकेस धाडण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. आणि जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठीं रिझर्व्ह बँकेच्या नांवानें कोणी शुल्क वा कमिशन मागेल, तर त्याच्याशीं आपला कांहींएक संबंध नाहीं, असें त्या बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें स्पष्ट बजावलें आहे.

घरांत अशीं नाणीं असतील त्या गृहिणींस आमची एक विनंति आहे. लक्ष्मीपूजनाचीं नाणीं चिंचेनें घासून लख्ख करावीं, त्यांना हळदकुंकू वाहावें. पण संग्रहाचें नाणें कधीं घासूं नये. शंभर वर्षांचा काळपटपणा हा त्याचा मळ नव्हे, तो त्याच्या खरेपणाचा साक्षीदार असतो. घरांतल्या कर्त्या पुरुषानेंहि प्रत्येक नाणें कोठून, कधीं, किती पैशांस घेतलें, त्याची पावती कोठें आहे, हें एका वहींत लिहून ठेवावें, आणि ती वही पत्नीस व मुलांस दाखवून ठेवावी. डबी स्वतः फोडूं नये. विकतांना एकाच दुकानीं न जातां निदान दोघांतिघांचें मत घ्यावें. आणि घेतांना, हा आंकडा झांकला असता तर हें नाणें या किंमतीस आपण घेतलें असतें काय, असें स्वतःस विचारावें. उत्तर 'नाहीं' असेल, तर आपण नाणें घेत नसून आंकडा घेत आहों.

मास्तरांचा हिशेब वाचकांस सांगितला पाहिजे. सहांपैकीं तीन नाणीं निर्वेध निघालीं, व त्यांना योग्य भाव आला. अनोळखी डबींतलें व 'डिटेल्स'वालें अशीं दोन फार थोडक्यांत गेलीं. कार्सन सिटीचा डॉलर विकलाच नाहीं. माहीत असून खोटें नाणें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें मास्तरांच्या स्वभावांत नाहीं. विक्रेत्यास पत्रें लिहिलीं, उत्तर आलें नाहीं. एकूण रक्कम अपेक्षेच्या निम्मीहि झाली नाहीं, तेव्हां बँकेंतली खरी मुदत ठेव मोडावी लागली. शस्त्रक्रिया सुखरूप झाली. वहिनी आतां सकाळीं फिरावयास जातात.

मास्तर मात्र एकदां म्हणाले, "पैसे गेले त्याचें वाईट वाटतें, पण त्याहून एका गोष्टीची लाज वाटते. शिवराई दोन रुपयांस घेतली तेव्हां मी ती अर्धा तास पाहिली होती. हे डॉलर इतक्या पैशांचे, आणि मी ते एकदांहि नीट पाहिले नाहींत. आंकडा होता ना!"

तो खोटा डॉलर त्यांनीं टाकून दिला नाहीं. टेबलावर भिंगाशेजारीं तो ठेवलेला असतो, आणि भिंगावर आतां धूळ नसते. मागच्या रविवारीं आम्ही गेलों तेव्हां शेजारचीं दोन मुलें त्यांच्याजवळ बसलीं होतीं. मास्तरांनीं एक खरा रुपया आणि एक खोटा त्यांच्यापुढें ठेवला होता, कोणता कोणता हें सांगितलें नव्हतें, आणि वहिनी आंतून म्हणत होत्या, "घाई करूं नका रे, आधीं नीट पाहा."